कंबर दोन इंच आत

“साहेब, हरवल्या त्या दिवशी तिघींच्या अंगावर कपडे कोणते होते?”

अख्खी शाळा मान वळवून माझ्याकडे बघायला लागली. मैदानात, भर उन्हात, सहाशे मुली आणि मी एकटी उभी. प्रश्न खरं तर माझा नव्हता. पैज होती. ढमी आणि बारकी, माझ्या दोन जिवलग मैत्रिणी, सकाळपासून मागे लागल्या होत्या. इन्स्पेक्टर येणार, ‘मुलींनी घ्यायची काळजी’ यावर भाषण ठोकणार, मग विचारणार की कुणाला काही शंका? तर तू उठायचं. आवाज कापला तर तू हरलीस. नेमकं काय विचारायचं ते बारकीने सांगितलं होतं, शब्दन् शब्द पाठ करून घेतला होता माझ्याकडून.

मागच्या वर्षापर्यंत मला वर्गात मुकी म्हणायचे. हजेरीला ‘हजर’ म्हणतानासुद्धा माझा आवाज फुटायचा नाही. यंदा वक्तृत्वाला जाणारी मुलगी ऐन दिवशी गालगुंड घेऊन घरी बसली, बाईंनी दिसली तिला म्हणजे मला स्टेजवर ढकललं, आणि मी तोंड उघडलं ते आजतागायत मिटलेलं नाही. आता मला भोंगा म्हणतात. मला आवडतं.

इन्स्पेक्टरनी डायरीची पानं उलटली. “युनिफॉर्म. तिघीही शाळेच्या युनिफॉर्ममध्ये होत्या. बस खाली. आणि असल्या चौकशा करण्यापेक्षा सरळ घरी जात जा.”

मुली खिदळल्या. ढमीने मला चिमटा काढला, “जिंकलीस गं भोंग्या!” मी मात्र खाली बसले ती थेट गार पडूनच. कारण आधीच्या दोघींचं, म्हणजे बेकरीवाल्यांच्या थोरलीचं आणि कंपाउंडरच्या धाकटीचं, मला माहीत नव्हतं. पण टिटवीचं माहीत होतं. टिटवी आमच्या वर्गातली, आमच्या बाकावरची चौथी. बावीस दिवसांपूर्वी शाळेला म्हणून निघाली आणि पोचलीच नाही. तिचे युनिफॉर्म दोन. एकाची तिने प्रयोगशाळेत ॲसिड सांडून चाळणी करून घेतली. दुसरा उंची सोडायला आमच्या दुकानात आला होता. आदल्या दिवशी.

तो अजून आमच्याकडेच होता.

मी बारकीकडे बघितलं. म्हटलं हिला सांगावं. ती इन्स्पेक्टरकडे टक लावून बघत होती आणि तिचा चेहरा असा झाला होता, जसा परीक्षेत अवघड प्रश्न आलाच नाही म्हटल्यावर होतो. हुश्श झाल्यासारखा. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

*

आमचं दुकान म्हणजे आमच्या घराची पुढची खोली. दोन शिलाई मशीन, एक कापायचं टेबल, कोपऱ्यात माप घ्यायला पडद्याच्या आडोशाची जागा. आई शिवते. बाबा कापतात, इस्त्री करतात, आणि काज-बटण त्यांच्याकडे. गावातल्या निम्म्या बायका-मुलींची मापं आईच्या वहीत आहेत. आई माप घेताना मोठ्याने बोलते आणि मी घरी असले की वहीत मी लिहिते. आईचा एक नियम मात्र कडक आहे: पडद्याआड जे कळलं ते पडद्याआडच राहायचं. कोण सुटलंय, कोण वाळलंय, कुणाच्या दंडावर वळ आहेत, कुणाला दिवस गेलेत, टेपला सगळं कळतं. “टेपला तोंड फुटलं की दुकानाला कुलूप,” असं आई म्हणते. लहानपणी मला वाटायचं, टेपला खरंच कुठेतरी तोंड असणार.

त्या दिवशी शाळेतून आले तर बटणमावशी बसलेली. ही काही सख्खी मावशी नाही. बटणं, चेन, लेस, हुक असलं सगळं एका खोक्यासारख्या बॅगेत घालून ती गावोगावच्या शिंप्यांकडे फिरते. बारा वर्षं आमच्याकडे येते. मी रांगत होते तेव्हा तिने दिलेलं बटण मी गिळलं होतं, हा किस्सा ती दर खेपेला सांगते आणि दर खेपेला आई हसते. त्या दिवशी आई हसली नाही.

“आली का गिळकी!” मावशी म्हणाली. चहाचा कप खाली ठेवून तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. “उंची दीड इंच वाढली. खांद्यात पाव. काय गं, घरात खांब पेरलाय का?”

“मावशी, तुझे डोळे आहेत की टेप?”

“डोळेच. टेपला वेळ लागतो.” तिने गाल ओढला, बॅग उचलली. दारातून आईला म्हणाली, “मग उद्याचं तेवढं बघ हं. दुपारच्या आत.”

आई “हो” म्हणाली, पण मशीनकडे बघून.

मावशी गल्लीच्या टोकाला गेल्यावर मी हँगरच्या दांडीशी गेले. टिटवीचा युनिफॉर्म तिथेच, इस्त्री करून, चिठ्ठी टोचून.

“आई, इन्स्पेक्टर म्हणतात टिटवी युनिफॉर्ममध्ये गेली. हा इथे आहे. मग ती काय घालून गेली?”

आईच्या बोटात सुई घुसली. माझी आई डोळे मिटून शिवू शकते; तिला सुई टोचलेली मी जन्मात पाहिली नव्हती. ती बोट तोंडात धरून माझ्याकडे बघत राहिली.

“तिच्या आईने चुकीचं सांगितलं असेल. घाबरली असेल बिचारी.”

“मग आपण बरोबर सांगू या की. मी चौकीवर जाते.”

“तू कुठेही जायचं नाहीस.” आवाज बारीक, पण कात्रीसारखा. “टिटवीचं नाव काढायचं नाही. ऐकलंस?”

आतल्या खोलीत बाबांची इस्त्री थांबली. बराच वेळ ती पुन्हा सुरू झालीच नाही. मग जळका वास आला.

आईला मी घाबरलेलं कधी बघितलं नव्हतं. वादळात पत्रा उडाला तेव्हा ती छपरावर चढली होती. आता ती मला काहीतरी सांगायला घाबरत होती.

*

दिवेलागणीच्या आधी आई अस्तराचं कापड आणायला बाहेर पडली. बाबा जळालेली बाही घेऊन मागच्या अंगणात गेले. मी मापाची वही काढली.

माझं अक्षर मला माहीत. गोलमटोल. मी शाळेत असताना जी मापं घेतली जातात ती आईच्या तिरक्या अक्षरात. मी फक्त तिरकी पानं बघत गेले.

‘बेकरी थोरली. पांढरा शर्ट, बंद गळा. राखाडी स्कर्ट, डाव्या अंगाला खिसा. बटणं गिऱ्हाइकाची, हिरवी, सहा.’ तारीख बघितली. ती हरवली त्याच्या चार दिवस आधीची.

दोन महिन्यांनी: ‘कंपाउंडर धाकटी.’ तोच शर्ट. तोच स्कर्ट. बटणं गिऱ्हाइकाची, हिरवी, सहा.

मग ‘टिटवी’. तेच सगळं.

तिघी गेल्या त्या आमच्या दुकानात शिवलेल्या कपड्यांत गेल्या होत्या. दप्तरात घडी करून नेले असतील, वाटेत कुठेतरी बदलले असतील. आणि आईला माहीत होतं. बाबांनाही, कारण काज-बटण कोण करतं?

टिटवीच्या पानावर खाली पेन्सिलीने आणखी एक ओळ होती. ‘तोच स्कर्ट परत. कंबर दोन इंच आत. पार्सलने.’ तारीख गेल्या आठवड्याची.

मी ती ओळ चारदा वाचली. हरवलेल्या मुलीचा स्कर्ट आमच्याकडे परत आला होता. तिची कंबर पंधरा दिवसांत दोन इंच कमी झाली होती. म्हणजे टिटवी जिवंत होती. कुठेतरी होती. आणि तिला कुणी खायला देत नव्हतं, किंवा तिच्या घशाखाली उतरत नव्हतं. ही तीच टिटवी, जी मधल्या सुट्टीत माझाही डबा संपवायची!

पान उलटलं. शेवटचं पान कालचं होतं. नाव नव्हतं. पांढरा शर्ट, राखाडी स्कर्ट, हिरवी बटणं. ‘परवा दुपारच्या आत.’ आणि समासात: ‘डावा खांदा अर्धा इंच खाली.’

चौथीत असताना शाळेच्या भिंतीवरून पडून जिचं गळ्याजवळचं हाड मोडलं आणि वाकडं जुळलं, अशी मुलगी या गावात एकच आहे. भिंतीवर चढायची पैज तेव्हा मीच लावली होती, मुकी होते तरी, खुणेने.

मी वही जागेवर ठेवली आणि बारकीच्या घराकडे धूम ठोकली.

*

बारकी गच्चीवर वाळलेले कपडे काढत होती. मला धापा टाकताना बघून हसली. “काय गं भोंग्या, मागे कुत्रं लागलं की काय?”

“उद्या कुठे चाललीस तू?”

तिच्या हातातली चादर खाली पडली.

“कुणी सांगितलं?”

“तुझ्या खांद्याने.”

आधी ती भांडली. मग रडली. मग सगळं सांगितलं. दुसऱ्या गावात मोठं हॉटेल आहे. पुढच्या टेबलाशी उभं राहायचं, पाहुण्यांचं स्वागत करायचं. राहायला खोली, शिकायलाही पाठवतात. घरी आधी सांगायचं नाही, कारण घरचे मोडता घालतात. पक्कं झालं की पत्र जातं. बारकीची शाळा या वर्षानंतर बंद होणार होती, हे मला माहीत होतं. तिच्या वडिलांनी ते जेवताना, भात वाढा म्हणावं तसं सांगितलं होतं.

“कोण नेतंय?”

“बटणमावशी.”

मला क्षणभर हसू आलं. खरंच. इतकं अशक्य होतं ते. मग आठवलं: उद्याचं तेवढं बघ हं, दुपारच्या आत.

“म्हणून तो प्रश्न माझ्याकडून विचारून घेतलास?”

बारकीने नाक पुसलं. “मला बघायचं होतं, त्या तिघी याच कपड्यांत गेल्या का. साहेब म्हणाले युनिफॉर्म. मला वाटलं, चला, म्हणजे त्यांचं काहीतरी वेगळं आहे आणि आपलं वेगळं.”

“टिटवीचा युनिफॉर्म आमच्या दुकानात टांगलाय, बारके.” आणि मी तिला स्कर्टचं सांगितलं. दोन इंच.

तिने स्वतःच्या कमरेला दोन्ही हात लावले. खालून तिची आई ओरडली, कपडे काढायला गेलीस की विणायला! बारकीला ‘ओ’ देता येईना. शेवटी मीच ओरडले, “आलोच, काकू!”

“मी नाही जात,” ती कुजबुजली. “पण तिच्याकडे माझा फोटो आहे. कागदावर सही आहे. म्हणाली, ऐनवेळी कच खाल्लीस तर घरी येऊन सगळं सांगेन. भोंग्या, बाबा मला मारून टाकतील.”

आता मला कळतं की तेव्हाच्या तेव्हा चौकी गाठायला हवी होती. पण चौकी म्हणजे वही, आणि वही म्हणजे आई. मी दुसराच शहाणपणा केला. म्हटलं, तू जा. मी सोबत येते. भर दुपारी, बसस्टँडवर, माणसांच्या गर्दीत ती काय करणार आहे? तिला बोलतं करू, टिटवी कुठे आहे तेवढं काढून घेऊ आणि पळू. गेले सहा महिने मी जिथे तोंड उघडलं होतं तिथे जिंकले होते. मला वाटलं, जग म्हणजे वक्तृत्व स्पर्धा.

*

दुपारी तीन. बसस्टँडच्या प्रतीक्षालयात लांब बाकं आहेत, वर एक पंखा आहे जो फिरतो कमी आणि कण्हतो जास्त. दहा-पंधरा माणसं, बरीचशी पेंगलेली. बारकी दुकानातून आणलेले नवे कपडे बाथरूममध्ये घालून आली. आईने शर्ट इतका सुंदर शिवला होता की वाकडा खांदा सरळ दिसत होता. आईच्या हातचं काम. ती रात्रभर मशीनवर होती आणि मी आत पडल्या पडल्या आवाज ऐकत होते.

“छान दिसतेस,” मी म्हणाले.

“गप गं,” बारकी म्हणाली. दात वाजत होते तिचे, त्या उकाड्यात.

बटणमावशी आली ती नेहमीसारखीच, बॅग सावरत, घाम पुसत. मला बघून थबकली. मग हसली. तेच हसू, जे मी रांगत असल्यापासून बघत आले होते. भीती मला त्या हसण्याचीच वाटली. राक्षसासारखी दिसली असती तर बरं झालं असतं.

“अगंबाई, गिळकी! तू पोचवायला आलीस होय मैत्रिणीला?”

“मावशी, टिटवी कुठे आहे?”

आवाज कापला. पैज असती तर हरले असते.

“आहे की. मजेत आहे.”

“मग वाळली का?”

मावशीच्या डोळ्यांत काहीतरी मिटलं. हसू तसंच राहिलं. ती माझ्याजवळ येऊन बसली, इतकी जवळ की तिच्या साबणाचा वास आला, आणि तिने माझं मनगट धरलं. लोकांना वाटावं, लाडाने धरलंय.

“आईने वही दाखवली वाटतं. वेडी गं तुझी आई.” ती हळू, गोड आवाजात बोलत होती. “ऐक. तू ओरडलीस की पोलीस येतील. पोलीस आले की विचारतील, कपडे कुणी शिवले? मग? मला बघवेल का ते? त्यापेक्षा तूही चल. तुझं माप पाठ आहे मला. पाठीची लांबी साडेपंधरा. बाही बावीस. तुझा एक जोड तयारच आहे, माहितीये?”

ओरडायचं होतं आणि आवाज नव्हता, पूर्वी हजेरीला नसायचा तसा. दाराबाहेर राखाडी व्हॅन येऊन थांबली. मागचं दार आतून सरकलं. मावशीने एका हाताने मला उठवलं, दुसरा हात बारकीच्या पाठीवर ठेवला. आम्ही चालायला लागलो. खरंच सांगते, चालायला लागलो. कुणी ओढत नव्हतं. समोरच्या बाकावरच्या आजोबांनी आम्हाला जाऊ देण्यासाठी पाय आत घेतले.

पाच पावलं. सहा. व्हॅनच्या आत काळोख दिसत होता आणि सीटवर घडी केलेलं पांढरं काहीतरी.

मावशीची बॅग तिच्या खांद्याला होती. आवाज नव्हता, पण हात होता. मी मोकळ्या हाताने बॅगेचा पट्टा धरला आणि सगळं अंग खाली टाकलं. कडी तुटली. खोकं फरशीवर आपटलं आणि हजारो बटणं उधळली. लाल, पिवळी, शिंपल्याची, पितळेची; बाकांखाली, लोकांच्या चपलांमध्ये, तिकीट खिडकीपर्यंत टपटपत गेली.

झोपलेलं प्रतीक्षालय एकदम जागं झालं. “अरे अरे अरे!” आजोबा वाकले. दोन बायका वाकल्या. “ताई, तुमचं सगळं सांडलं हो!” “पाय देऊ नका रे कुणी!” तिकीटवाला खिडकीतून बाहेर आला. बघता बघता आमच्या आणि दाराच्या मध्ये वाकलेल्या माणसांची भिंत झाली, प्रत्येकाच्या ओंजळीत बटणं, आणि सगळे मावशीकडे हात पुढे करतायत.

मावशीने माझ्याकडे एकदाच बघितलं. त्या नजरेत ना राग होता, ना माया. माप घेतल्यासारखं बघितलं. मग तिने मनगट सोडलं, “राहू द्या, राहू द्या,” म्हणत माणसांमधून वाट काढली आणि व्हॅनमध्ये बसली. व्हॅन गेली.

आणि आता माझा आवाज आला. “धरा तिला!” पण धरायला कुणी उरलं नव्हतं, फक्त धूळ होती. सगळे माझ्याकडे असे बघत होते की जणू वेडी मीच.

बारकी फरशीवर बसून हुंदके देत होती. मी रिकामं खोकं उचललं. तळाची पुठ्ठ्याची फळी निसटली होती. तिच्याखाली चिठ्ठ्या होत्या, रबराने बांधलेल्या. सात. प्रत्येकीवर मापं. तिरक्या अक्षरात.

सातवी मी उघडली. पाठीची लांबी साडेपंधरा. बाही बावीस.

*

बारकीला तिच्या दारात सोडलं, ढमीला सांगितलं की हिच्याजवळून हलू नकोस, आणि घरी आले. आईबाबा दोघंही दुकानात होते. मी दार लावलं. कापायच्या टेबलावर सात चिठ्ठ्या ओळीने मांडल्या, जशा बाबा कापडाचे तुकडे मांडतात.

आई टेबलाला धरून खाली बसली.

“ती म्हणायची, हॉटेलवाले तयार कपडे शिवून घेतात, उंच मुलींची मापं हवीत, अंदाजाला. मी दिली. बारा वर्षांची ओळख गं. तुझंही दिलं, कारण तुझी उंची चांगली.” ती माझ्याकडे बघत नव्हती. “बेकरीवाल्यांची मुलगी हरवली तेव्हा मला वाटलं, नोकरीला गेली, घरी सांगितलं नसेल. मी कशाला बोलू? पडद्याआडची गोष्ट. दुसरी गेली तेव्हा मी मावशीला विचारलं. ती म्हणाली, दोघी सुखात आहेत. टिटवीला तर... टिटवी घाबरत होती. मीच म्हटलं तिला, जा, बाई चांगली आहे.”

“आणि स्कर्ट परत आला तेव्हा?”

“तेव्हा कळलं.”

“तरी शिवलास? बारकीचा शर्टपण?”

आईने तोंडावर हात दाबला. “मी नाही म्हणाले होते. तर ती म्हणाली, मग तुझ्या मुलीच्या मापाचा जोड मी दुसरीकडे कशाला शिवून घेतलाय, ते विचार.”

मी खूप रागवायचं ठरवून आले होते. वाटेत वाक्यंसुद्धा तयार केली होती. आता ती आठवेनात. आई इतकी लहान दिसत होती की मला वाटलं, हिची मापं पुन्हा घ्यावी लागतील.

“पार्सल कुठे पाठवलंस?” मी विचारलं.

ती टेबलाला धरून उठली. मग म्हणाली, “पत्ता मला पाठ आहे. डोळे मिटले की दिसतो.”

बाबांनी कात्री उचलली आणि सातवी चिठ्ठी, माझी, हातात घेतली.

“पत्ता आपण निनावी कळवू,” ते म्हणाले. “फोन करू कुठूनतरी. या चिठ्ठ्या आणि ती वही मी जाळतो. तुझ्या आईला आत टाकतील, बाळा. आपण फक्त शिवलं गं. आपण काही केलं नाही.”

“निनावी फोन ते डायरीत लिहितील आणि पान उलटतील, बाबा. मी बघितलंय त्यांना पान उलटताना. आणि मावशीला आता कळलंय की आपल्याला कळलंय. उद्यापर्यंत तो पत्ता रिकामा होईल. टिटवी दुसरीकडे जाईल आणि तिथून कुणी स्कर्टही पाठवणार नाही.”

“तुझं नाव गावभर होईल.”

“होऊ दे.”

“अगं, आई आहे ती तुझी!”

“म्हणून तर.” स्टँडवर जेवढी घाबरले होते त्याहून जास्त मी आता, माझ्याच घरात, माझ्याच आईबाबांसमोर घाबरले होते. पण आवाज होता. नीट, सरळ, शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा.

बाबांच्या हातातून मी माझी चिठ्ठी काढून घेतली. बाकीच्या सहा गोळा केल्या. वही फडताळातून काढून काखेत मारली.

“बाबा, ती कात्री खाली ठेवा. आई, चप्पल घाल. मी आत्ता चौकीवर चाललेय. सातही चिठ्ठ्या देणार, वही देणार, आणि अक्षर कुणाचं आहे तेही मीच सांगणार. पत्ता तू सांगायचास. तू आलीस तर तुझा हात धरून नेईन, आणि नाही आलीस तरी मी जाणारच आहे.”